परसांतील विषें

विष म्हटलें कीं सर्पाचा दांत, विंचवाची नांगी, नाहीं तर एखाद्या राजवाड्यांतील कारस्थान मनुष्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. पण ज्या कण्हेरीचीं फुलें गृहिणी सकाळीं परडींत घेऊन देवघराकडे जाते, तिच्या पानापानांत हृदयाचे ठोके बिघडविण्याचें सामर्थ्य आहे, हें सहसा कोणाच्या मनांतहि येत नाहीं. उकिरड्याजवळचा धोत्रा, वईंतील गुंज, पावसाळ्यांत झुडपांवर चढणारी कळलावी, परसाच्या टोंकाशीं उभा असलेला एरंड, फाटकाजवळची बिट्टी आणि दिवाणखान्यांतील कुंडींत वाढणारें ठिपकेदार पानांचें डिफेनबाकिया, हीं सारीं शोभेचीं, पूजेचीं किंवा उपयोगाचीं झाडें होत. आणि हीं सारीं विषारी आहेत. तीं घराजवळ आलीं कशीं, तेथें टिकलीं कां, आणि शतकानुशतकें त्यांच्या शेजारीं राहूनहि कुटुंबें निर्धास्त कशीं राहिलीं, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण ज्या घरांत लहान मूल रांगत आहे त्या घरास तो उपयुक्तहि आहे.

आपल्याकडील वैद्यशास्त्रानें या विषयाचा विचार फार जुन्या काळीं केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत विषाचे स्थावर आणि जंगम असे दोन भेद सांगून, स्थावर विषाचीं दहा स्थानें मोजलीं आहेत. मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, गाभा, डिंक, धातु आणि कंद. यांतील धातु वगळले तर बाकीचीं नऊहि स्थानें वनस्पतींचीं आहेत. ज्यांच्या मुळांत विष असतें अशा वनस्पतींच्या यादींत गुंज आहे, आणि 'अश्वमार' या नांवाची एक वनस्पति आहे. अश्वमार म्हणजे दुसरी तिसरी कोणी नसून आपली कण्हेर होय. घोड्यासारखें बलाढ्य जनावर जिच्या योगानें मरतें ती अश्वमार. वनस्पतीच्या नांवांतच धोक्याची सूचना गोंवून ठेवण्याची ही जुनी युक्ति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें रसशास्त्राच्या ग्रंथकारांनीं सात उपविषें गणलीं; रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कळलावी, कण्हेर, गुंज, धोत्रा आणि अफू. एक अफू सोडली तर उरलेलीं सहाहि खेड्यांतील घराच्या कुंपणांत, बांधावर किंवा अंगणांत सांपडणारीं आहेत. त्यांस औषधांत स्थान दिलें खरें, पण शोधन केल्यावांचून तीं वापरूं नयेत असा निर्बंधहि त्याबरोबरच घातला.

हीं झाडें घराजवळ राहिलीं तीं केवळ वैद्यांसाठीं नव्हे. गणेशचतुर्थीच्या पूजेंत ज्या एकवीस पत्री वाहतात, त्यांत धोत्रा, रुई आणि कण्हेर या तिघांचींहि पानें आहेत. रुईच्या पानांची माळ मारुतीस शनिवारीं घालतात. शंकरास धोत्र्याचें फूल वाहतात, आणि हालाहल पचविणाऱ्या देवास तें शोभतेंहि. या प्रथांचा मूळ हेतु मुलांस सावध करणें हाच होता असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु परिणाम मात्र तसा झाला, हें नाकबूल करतां येणार नाहीं. हें पान देवाचें, तोंडांत घालावयाचें नव्हे, हा पाठ अशा घरांतील मूल अक्षरओळख होण्यापूर्वींच शिके. पत्री खुडून आल्यावर हात धुण्याची शिस्तहि त्यांतच येई.

कळलावीचें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. पावसाळ्यांत हिचीं लाल पिवळीं, ज्वाळेसारखीं वर वळलेल्या पाकळ्यांचीं फुलें पाहणाराचें मन मोहून टाकतात. आज तामिळनाडूनें हिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. पण मराठीनें तिला नांव दिलें तें रूपावरून दिलें नाहीं. अडलेल्या बाळंतिणीस कळा याव्यात म्हणून हिच्या कंदाचा लेप लावीत, म्हणून ती कळलावी. आणि भांडणें लावणाऱ्या माणसासहि त्याच शब्दानें ओळखूं लागले. फूल कितीहि सुंदर असो, ही वेल मनुष्यास यातना देणारी आहे, हें तिचें नांव उच्चारतांच कळतें. हिच्या कंदांत कोल्चिसीन नांवाचें तीव्र विष असतें हें रसायनशास्त्रानें पुढें सिद्ध केलें. भाषेनें तें आधींच सुचवून ठेविलें होतें.

गुंजेनें तर थेट बाजारांत मानाची जागा मिळविली. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हें कोष्टक सराफकट्ट्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलें. लाल अंगाची व काळ्या डोळ्याची ही बी जवळजवळ एकसारख्या वजनाची भरते, म्हणून सोनाराच्या तराजूंत तिला स्थान मिळालें. तिच्या आंतील अॅब्रिन हें विष अत्यंत जहाल आहे. परंतु तिचें कवच इतकें टणक असतें कीं अखंड बी पुष्कळदां अपाय न करतां पोटांतून तशीच बाहेर पडते. धोका आहे तो बी फुटली, चावली अथवा तिला भोंक पाडलें म्हणजे. सोनाराच्या पेटींत ती अखंडच राही. याच्या उलट, २०११ सालीं इंग्लंडांत कॉर्नवॉल परगण्यांतील ईडन प्रकल्प या उद्यानानें विकलेल्या गुंजेच्या कंकणांत विषारी बिया असल्याचें लक्षांत येतांच तीं गिऱ्हाइकांकडून परत मागविण्याचा प्रसंग आला. बी तीच, परंतु एके ठिकाणीं तिच्याबरोबर तिची माहितीहि होती, आणि दुसऱ्या ठिकाणीं केवळ तिचा रंग होता.

अर्थात् जुन्या काळीं सर्व कांहीं सुखरूप होतें असें मात्र कोणी समजूं नये. ज्यास झाडाचा गुण ठाऊक असतो, त्यास त्याचा दुरुपयोगहि ठाऊक असतो. याचा दाखला गोव्यांतच मिळतो. १५३४ सालीं गोव्यास आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा यानें हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांवर संवादरूपानें एक ग्रंथ लिहिला, आणि तो १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांत एक संवाद धोत्र्यावर आहे. चोर व नोकर अन्नांत धोत्रा मिसळतात, खाणाराचें भान जातें, तो विचारल्या प्रश्नास हसून उत्तर देतो आणि त्याच्या देखत घर लुटलें तरी त्यास त्याचें कांहीं वाटत नाहीं, असें ऑर्टा सांगतो. एका गृहिणीस तिच्या दासीनेंच धोत्रा दिल्याची हकीकतहि त्यानें नोंदविली आहे. १५८३ सालीं गोव्यास येऊन कांहीं वर्षें राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन यानें १५९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांतहि धोत्र्याच्या अशाच गोष्टी आहेत.

या धोत्र्याचें मूळ कोठलें, हा प्रश्न विद्वानांत बराच वादग्रस्त आहे. त्याचे बहुतेक सर्व भाऊबंद अमेरिकेंतले. म्हणून तोहि कोलंबसानंतरच इकडे आला असावा असें पुष्कळ वनस्पतिशास्त्रज्ञ मानीत. परंतु संस्कृत ग्रंथांत धत्तूराचे उल्लेख त्याहून कितीतरी जुने आहेत, आणि अरबी वैद्यांसहि तो परिचित होता. २००७ सालीं दोन संशोधकांनीं या पुराव्याची छाननी करून, कोलंबसाच्या पुष्कळ आधीं, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकांत हें झाड जुन्या जगांत असलें पाहिजे असा निष्कर्ष काढला. तें महासागर ओलांडून कसें आलें, हें कोडें अद्यापि उरलेंच आहे.

एकोणिसाव्या शतकांत धोत्र्याचा प्रश्न घरांतून निघून रस्त्यावर आला. वाटसरूशीं गोड बोलून सोबत धरावयाची, मुक्कामावर शिधा शिजत असतां त्यांत धोत्र्याच्या बियांची पूड टाकावयाची, आणि तो बेशुद्ध झाला म्हणजे त्याचें गांठोडें घेऊन पसार व्हावयाचें, असे गुन्हे देशांत ठिकठिकाणीं घडत. कलकत्त्यास डॉक्टर नॉर्मन चेव्हर्स यांनीं १८५६ सालीं न्यायवैद्यकावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत धोत्र्याच्या विषप्रयोगांचा विस्तारानें विचार केलेला आहे. मुंबईंत सरकारी रासायनिक पृथक्करणाचें काम केलेले डॉक्टर लायन यांनींहि १८८९ सालीं त्याच विषयावर ग्रंथ लिहिला. या शास्त्रानें स्वयंपाकघराशीं निगडित असा एक प्रश्न हातीं घेतला. धोत्र्याची बी आणि मिरचीची बी दिसण्यांत जवळ जवळ सारखी. मग पंचनाम्यांत सांपडलेली बी कोणती हें ओळखावें कसें? उत्तर असें कीं, मिरचीची बी फिकट पिवळी, चपटी व तिखट; धोत्र्याची बी तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची व कडवट. बी मधोमध कापून भिंगाखालीं पाहिली तर आंतील अंकुराचें वळणहि दोहोंत निराळें दिसतें. त्याहून पक्की खूण डोळ्यांची. धोत्र्यानें बाहुली विस्फारते. म्हणून संशयित द्रव्याचा अर्क मांजराच्या डोळ्यांत घालून परीक्षा घेण्याची पद्धत त्या काळीं होती.

कायद्यासहि हा विषय सोडतां आला नाहीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत, गुन्हा करण्याच्या हेतूनें विष किंवा गुंगीचा पदार्थ देण्याबद्दल ३२८ वें कलम घातलें गेलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत त्याची जागा १२३ व्या कलमानें घेतली आहे. मुंबई इलाख्यांत १८६६ सालीं विषांच्या विक्रीस निर्बंध घालणारा कायदा झाला. पुढें १९०४ सालीं सर्व देशासाठीं विषविक्रीचा कायदा झाला आणि १९१९ सालीं तो नव्यानें करण्यांत आला. परंतु या कायद्यांची सत्ता दुकानाच्या फळीपर्यंतच चालते. सोमल विकावयास परवाना लागतो. कुंपणावर आपोआप उगवणाऱ्या धोत्र्यास कोणता परवाना मागावयाचा? घराजवळच्या विषापासून संरक्षण करील अशी एकच वस्तु उरते, ती म्हणजे घरांतील माणसांचें ज्ञान.

आणि नेमकें याच ज्ञानास नव्या काळांत ओहोटी लागली. तिचें कारण बागांच्या इतिहासांत सांपडतें. पोर्तुगीज आणि नंतर इंग्रज यांच्या काळांत परदेशची शेंकडों झाडें हिंदुस्थानांत आलीं. भायखळ्याचें व्हिक्टोरिया उद्यान, म्हणजे आजची राणीची बाग, १८६२ सालीं लोकांस खुलें झालें. पुण्यास गणेशखिंडीचें वनस्पति-उद्यान १८७३ सालचें. अशा बागांतून शोभेच्या झाडांची हौस बंगल्यांत, आणि बंगल्यांतून वाड्यांत व चाळींत उतरली. झाडें आलीं, पण त्यांच्या मायदेशीं त्यांच्याविषयीं जें ज्ञान होतें, तें त्यांच्याबरोबर जहाजांत चढलें नाहीं.

पिवळी कण्हेर किंवा बिट्टी हें त्यांतलेंच एक. हिचें मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत. १५५५ सालीं ब्राझीलला गेलेल्या आंद्रे तेव्हे या फ्रेंच साधूच्या नांवावरून तिचें शास्त्रीय नांव पडलें. तिच्याच जातीच्या एका झाडाच्या फळांचीं कवचें तेथील मूळ रहिवासी घुंगरांप्रमाणें पायांत बांधीत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडेहि मुलें बिट्ट्या गोळा करून खेळतात. फरक एवढाच कीं खेळणाऱ्या मुलास त्या बीच्या आंतील गर हृदयावर घाला घालणारा आहे हें बहुधा कोणी सांगितलेलें नसतें. मराठीनें तिला कण्हेर हें नांव दिलें, तें थोडेंफार सावध करणारें तरी आहे.

मोगली एरंडाची गोष्ट याहून वाईट. हाहि अमेरिकेचाच; पोर्तुगीज दर्यावर्दींनीं तो आशियांत आणला असें मानतात. जनावर त्यास तोंड लावीत नाहीं आणि फांदी खोंवली कीं ती रुजते, म्हणून कुंपणासाठीं त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. २००३ सालीं योजना आयोगाच्या समितीनें त्याच्या तेलापासून डिझेल करण्याची शिफारस केल्यानंतर तर त्याची मुद्दाम लागवड होऊं लागली. परंतु त्याचें नांव पाहा. 'मोगली' या शब्दावरून तो परका एवढेंच कळतें. आणि 'एरंड' या शब्दानें तर एरंडेलाची, म्हणजे औषधाची आठवण होते. चंद्रज्योत हें त्याचें दुसरें नांव त्याहूनहि मोहक. त्याची बी चवीस शेंगदाण्यासारखी लागते. परिणाम असा कीं शाळेच्या आवारांतील किंवा रस्त्याच्या कडेच्या या झाडाच्या बिया खाऊन दहा दहा, वीस वीस मुलें एकदम वांत्या व जुलाब होऊन रुग्णालयांत दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रांतील वृत्तपत्रांत वरचेवर येतात. हीं मुलें अवज्ञा करणारीं नसतात. त्यांना कोणीं कांहीं सांगितलेलेंच नसतें. घाणेरीहि अशीच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं कलकत्त्याच्या बागेंत आणली गेली. आज ती रानेंच्या रानें व्यापून बसली आहे, आणि ती खाणारीं गुरें यकृताच्या विकारानें आजारी पडतात.

सर्वांत अलीकडचा पाहुणा घराच्या अगदीं आंत आला. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनीं १८२९ च्या सुमारास बंद कांचेच्या पेटींत रोपें जगतात हें पाहिलें, आणि त्यानंतर उष्ण कटिबंधांतील नाजूक झाडें जगभर नेणें सोपें झालें. त्याच १८२९ सालीं व्हिएन्नाच्या श्यॉनब्रुन राजोद्यानांतील डिफेनबाक नांवाच्या माळ्याचें नांव अमेरिकेंतील एका शोभिवंत झाडास देण्यांत आलें. सावलींत जगणारें हें डिफेनबाकिया आज शहरांतील घरांत व कचेऱ्यांत सर्वत्र दिसतें. त्याच्या पानांत व खोडांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावलें तर ते जिभेंत व घशांत रुततात, तोंड सुजतें आणि कांहीं वेळ बोलणेंहि अवघड होतें.

आतां येथें एक गोष्ट मोठी विचार करण्यासारखी आहे. हे सुईसारखे स्फटिक मराठी घरास मुळींच नवे नाहींत. अळूच्या पानांत तेच असतात, आणि सुरणाच्या कंदांतहि तेच. अळू, सुरण आणि डिफेनबाकिया हीं एकाच कुळांतील भावंडें. परंतु अळू खाजरें असतें हें आजी नातीस सांगते. देठ सोलावेत कसे, पानें किती शिजवावींत, चिंच किंवा आमसूल कां घालावें, हें स्वयंपाकघरांत एका हातून दुसऱ्या हातीं जातें. त्यामुळें तीच वनस्पति फदफदें होऊन पानांत येते आणि लग्नाच्या पंगतींत मान मिळविते. डिफेनबाकियाबरोबर असें कोणतेंहि वाक्य आलें नाहीं. तें रोपवाटिकेंतून येतें तें किंमतीची चिठ्ठी घेऊन येतें. एका कुळांतील दोन वनस्पति. एकीस परंपरा आहे म्हणून ती अन्न झाली, दुसरीस परंपरा नाहीं म्हणून ती धोका ठरली.

तेव्हां विषारी झाडें सरसकट उपटून टाकावींत काय? इतिहासाचा कौल तसा नाहीं. ज्या धोत्र्यानें वाटसरू लुबाडले गेले, त्याच्याच वर्गांतील वनस्पतींत सांपडणारें अॅट्रोपीन नेत्रवैद्यास उपयोगी पडलें, आणि कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्यास वांचविण्यासाठीं आजचे डॉक्टर तेंच अॅट्रोपीन टोंचतात. कळलावींतील कोल्चिसीन वातरक्तावर देतात. १९३७ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ ब्लेकस्ली यांनीं त्याच कोल्चिसीनच्या साह्यानें वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रें दुप्पट करून दाखविलीं, आणि त्यांच्या प्रयोगांतील एक प्रमुख झाड धोत्राच होतें. एरंडाच्या बियांतील रिसिन हें विष श्टिलमार्क यांनीं १८८८ सालीं वेगळें केलें. पुढें १८९१ सालीं पाउल एर्लिख यांनीं रिसिन व गुंजेचें अॅब्रिन उंदरांस अल्प प्रमाणांत देत जाऊन, शरीर विषास प्रतिकार करावयास कसें शिकतें याचें शास्त्र पुढें नेलें. त्याच एरंडाचें तेल पिढ्यान् पिढ्या मुलांस पाजलें गेलें. कारण रिसिन हें पेंडींत राहतें, तेलांत उतरत नाहीं.

मग करावयाचें तें काय, हें या इतिहासावरूनच ठरतें. घरांत आणि अंगणांत जें झाड आहे त्याचें नांव घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. बिट्टी व मोगली एरंड शाळेच्या व मुलांच्या खेळण्याच्या जागीं लावूंच नयेत. कुंडी रांगत्या मुलाच्या हातास लागेल अशा ठिकाणीं ठेवूं नये. मुलानें पान किंवा बी खाल्ली असें कळतांच तोंड स्वच्छ करावें, झाडाचा तुकडा सोबत घ्यावा आणि तडक रुग्णालय गांठावें. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याची जुनी रीत आतां सोडून द्यावी. तिनें अपायच अधिक होतो, असें वैद्यांचें मत आहे. बिट्टी व कण्हेर यांच्या विषावर हृदयास सांवरणारीं प्रतिद्रव्यें आज उपलब्ध आहेत, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत १९९५ सालापासून विषबाधेविषयीं माहिती देणारें राष्ट्रीय केंद्रहि चालू आहे. परंतु डॉक्टरांचा पहिला प्रश्न नेहमीं हाच असतो कीं, मुलानें खाल्लें काय? त्या प्रश्नास ज्या घरांत उत्तर आहे, तेथें अर्धें संकट टळलें.

पूर्वजांनीं विषारी झाडांना घराबाहेर हांकून दिलें नाहीं. त्यांनीं त्यांना अश्वमार, कळलावी अशीं नांवें दिलीं, त्यांची जागा ठरविली, त्यांच्याविषयींचे नियम घालून दिले आणि ते मुलांस शिकविले. नव्या झाडांच्या बाबतींत हें काम अजून व्हावयाचें आहे. रोपवाटिकेंतून नवें झाड घरीं आणणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें किंमत विचारतांना आणखी एक प्रश्न विचारावा, या झाडाचा गुण काय? आणि त्याचें जें उत्तर मिळेल तें घरांतील सर्वांत लहान मुलास, त्याला समजेल अशा शब्दांत, त्याच दिवशीं सांगावें.